बेवड

मराठी भाषेने मातीवर जितका अन्याय केला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही पदार्थावर क्वचितच केला असेल. वस्तूची किंमत उतरली की ती ‘मातीमोल’ होते. शहाण्या मनुष्याने मूर्खपणा केला की त्याने ‘माती खाल्ली’ असे आपण म्हणतो. चालते काम बिघडवणारा त्या कामाची ‘माती करतो’. आणि बुडालेला पैसा तर नेहमी ‘मातीत जातो’. जिच्यात टाकलेल्या एका दाण्याचे शंभर दाणे होऊन परत येतात, तिच्यात गेलेले सर्व काही बुडीत खाती मांडणारी ही भाषा कुणब्यांनी घडवली की सावकारांनी, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा पडतो. परंतु ह्याच भाषेच्या अडगळीच्या खोलीत एक शब्द असा पडून आहे की, त्या एका शब्दाने वरील सर्व अन्यायाची भरपाई व्हावी. तो शब्द ‘बेवड’ हा होय.

शहरात वाढलेल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर तो आला नसेल. एका पिकाने निघून जाताना पुढच्या पिकासाठी मातीत जे काही मागे ठेवलेले असते, त्यास शेतकरी बेवड म्हणतात. मुगाच्या बेवडावर रब्बीची ज्वारी चांगली येते. हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकास मानवतो. उलट काही पिकांचा बेवड वाईट, कारण ती जाताना रान थकवून जातात. पीक खळ्यावर गेले, खळ्यावरून बाजारात गेले, विकले गेले, खाल्ले गेले. तथापि त्याची करणी मातीत शिल्लक राहिली, आणि मागून येणाऱ्यास ती भोगावी लागली. कर्मविपाकाचा एवढा सुटसुटीत सिद्धान्त दुसरीकडे आमच्या तरी वाचनात आलेला नाही.

इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याने मातीविषयी बोलू नये, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्यावर रागावणार नाही. मात्र आमचा जन्म गंगथडीचा, आणि लहानपणीची एक गोष्ट आमच्या स्मरणात पक्की आहे. परभणीस १९७२ साली कृषिविद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या वडिलांनी तुरीच्या पेरणीपूर्वी एक पुडा घरी आणला. आत काळसर, किंचित ओलसर भुकटी होती. दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅमचा एक पुडा. तो गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हाताने बियाण्यास चोळावयाचा, बी सावलीत सुकवावयाचे आणि लगोलग पेरावयाचे, असा त्याचा विधी होता. वडील ते बी अंगणात पसरू लागताच आजीने त्यांस हटकले. “उन्हात नको ठिवूस,” ती म्हणाली, “जितं हाय ते, मरून जाईल.” खते आणि औषधे ह्या तोपर्यंत आमच्या लेखी निर्जीव वस्तू होत्या, ऊन लागले तर मरेल असे खत आम्ही प्रथमच पाहत होतो. त्या पुड्यातील जीव आजीस दिसत नव्हते, तरी पाहुण्यांच्या लेकरांची घ्यावी तशी त्यांची काळजी तिने घेतली, आणि वडिलांनीही मुकाट्याने बी ओसरीवर आणले.

त्या भुकटीत ऱ्हायझोबियम नावाचे सूक्ष्मजंतू होते. तूर, मूग, हरभरा अशा पिकांच्या मुळांत शिरून ते लहान लहान गाठी करतात, आणि हवेतील नत्र झाडास पचेल अशा रूपात आणून देतात. १८८८ साली हॉलंडमधील बायेरिंक ह्या शास्त्रज्ञाने ह्या गाठींतील जंतू वेगळे काढून वाढवून दाखवले. मुगाचा बेवड चांगला, हे आमचे शेतकरी कित्येक पिढ्या म्हणत आले होते. त्याचा कर्ता कोण, ह्याचा पत्ता असा लागला. पुढे १९०४ साली लोरेंझ हिल्टनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने मुळांना वेढून असणाऱ्या मातीस ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे निराळे नावच दिले. आपण त्यास मूलपरिसर म्हणू. चांगल्या मातीच्या चिमटीभर ढेकळात सूक्ष्मजंतू कोट्यवधींनी असतात, आणि मुळांजवळ तर त्यांची दाटी कितीतरी पटींनी अधिक. ह्याचे कारण असे की, झाड उन्हात राबून जी साखर कमावते, तिचा बराच मोठा वाटा ते मुळांवाटे मातीत सोडून देते. ही उधळपट्टी आहे असे वरवर पाहणारास वाटेल. वस्तुतः ते पगारवाटप होय. झाडास जे स्वतःच्या मुळांनी साधत नाही, ते काम हे पगारी मदतनीस करून देतात.

मुळांभोवतीच्या ह्या गजबजलेल्या वस्तीवरून आता आमच्या शहराच्या वस्तीकडे यावे लागते. छत्रपती संभाजीनगर, जुने औरंगाबाद, हे पाण्याच्या कौतुकावर वाढलेले शहर आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने बांधवलेली नहर, खाम नदीच्या काठची पाणचक्की, हर्सूलचा तलाव, ही त्या कौतुकाची स्मारके. जटवाड्याच्या डोंगरांतून येणारी ही खाम आमच्या देखत नदीची नाला झाली. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रे अशा एकामागून एक औद्योगिक वसाहती वाढल्या. त्यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, आणि आमच्या वर्गात बसणाऱ्या निम्म्या मुलांचे शुल्क त्यांच्याच पगारातून आले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वसाहत म्हटली की तिची घाणही आली, आणि घरांची घाण तर होतीच. नारेगावच्या कचरा आगारात शहराने कित्येक दशके आपला कचरा नेऊन टाकला. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या बाजूच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि चौकाचौकांत ढीग साचले, तेव्हा कोठे टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे पुष्कळांस प्रथम उमगले. अलीकडे महानगरपालिका, छावणी परिषद आणि नागरिकांच्या संस्था यांनी मिळून खामेचे काठ मोकळे करण्याचे काम मनावर घेतले आहे. तेथे पुन्हा झाडे आणि फिरावयास येणारी माणसे दिसू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि पाणी वाहते असल्यामुळे नदीस थोडी तरी विस्मृती लाभलेली असते. मातीस ती नाही. तिच्यात जे मुरले ते मुरले.

आमच्या मामांची सव्वादोन एकर जमीन शहराच्या खालच्या अंगास एका नाल्याकाठी आहे. वीस-पंचवीस वर्षे त्यांनी त्या नाल्याचे पाणी इंजिनाने उचलून मेथी, पालक आणि कोथिंबीर पिकवली. “ह्या पाण्याला खत लागत नाही,” असे ते अभिमानाने सांगत, आणि ते खोटे नव्हते. शहराच्या सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. पहाटे चार वाजता जुड्या बांधून ते बाजारास जात. त्या जुड्यांवर त्यांच्या दोन मुलींची लग्ने झाली. मात्र नाल्याच्या वरच्या अंगास काही कारखाने होते, आणि त्यांपैकी कोणीतरी रात्रीच्या वेळी धातूंवर मुलामा देण्याचे पाणी त्यात सोडीत असे, ही गोष्ट काठावरच्या सर्वांस ठाऊक होती व सिद्ध कोणासच करता येत नव्हती. आमचा मामेभाऊ वसाहतीत नोकरीस आहे. त्याने चार वर्षांपूर्वी शेताची माती आणि पालकाची पाने तपासून घेतली. दोहोंतही शिसे, कॅडमियम आणि क्रोमियम असावे त्याहून अधिक निघाले.

तो कागद मामांनी आम्हांस दाखवला. “पीक तर डोळ्यांत भरंल असं येतंय,” ते म्हणाले, “मग माती वाईट कशी रे?”

हा प्रश्न आम्ही आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका स्नेह्यांपुढे ठेवला. ते म्हणाले, “पालक ही फार प्रामाणिक भाजी आहे. तिच्या मुळाशी जे ठेवाल ते ती पानांत आणून देते. वाईट असते तर मामांच्या लक्षात आले असते. ती चांगली आहे हीच अडचण.”

ह्या उत्तरात आमच्या आजच्या विषयाचे सार आले आहे. मातीतील धातू ओढून आपल्या अंगी साठवणाऱ्या वनस्पती जगात पुष्कळ आहेत, आणि नासलेली माती त्यांजकडून धुऊन घ्यावी हा विचार गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी चांगलाच पुढे नेला आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे; त्याच्या खोडास चीर दिली तर निळसर हिरवा चीक येतो, आणि तो चीक वाळवला असता त्यात सुमारे चौथा हिस्सा निकेल निघते, असे १९७६ साली प्रसिद्ध झाले. सोमल शोषून घेणारे एक नेचे अमेरिकेत सापडल्याचे २००१ साली जाहीर झाले. आमच्या फोडणीतील मोहरीचे झाडही ह्या कामी वाकबगार म्हणून प्रयोगशाळांत नावाजलेले आहे. म्हणजे माती धुणारे झाड आणि विष वाढणारी भाजी यांची जात एकच. जो गुण वाफ्यात वाखाणावयाचा, तोच ताटात आला की दोष ठरतो. आणि ह्यात झाडाचा अपराध काहीच नाही. आपण त्यास कोणत्या कामावर नेमले, एवढाच प्रश्न.

परंतु झाड हे काम एकट्याने करू शकत नाही. आमच्याकडील काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिची चिकण धातूंस घट्ट धरून ठेवते, आणि मुळांस ते सहजासहजी सुटत नाहीत. शिवाय विषारी मातीत झाड खुरटते, मुळे आखडतात. येथे मूलपरिसरातील ते पगारी मदतनीस उपयोगी पडतात. त्यांच्यातील काही अम्ले आणि लोह ओढून आणणारी द्रव्ये पाझरवून धातूंस मोकळे करतात, म्हणजे झाडास ते उपसता येतात. दुसरे काही नेमके ह्याच्या उलट करतात: आपल्या अंगावरील चिकट आवरणात ते धातूंस अडकवून ठेवतात, म्हणजे मुळांस त्यांची बाधा कमी होते. मुलाम्याच्या पाण्यात असणारे षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळते, दूरवर जाते आणि कर्करोगास कारण होते. मातीतील कित्येक जंतू त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम करतात, जे पुष्कळसे जागच्या जागी बसून राहते आणि त्या मानाने निरुपद्रवी असते. धातू तोच, पण त्याची वृत्ती पालटते.

ह्या सर्वांत आम्हांस अधिक मोहक वाटला तो इथिलीनचा प्रकार. आंब्याच्या आढीत जो वायू फळ पिकवतो तोच हा इथिलीन. संकटात सापडलेले झाडही आपल्या अंगी तो निर्माण करते, आणि तो फार झाला म्हणजे मुळांची वाढ खुंटते. म्हणजे विषाने जेवढे मरावयाचे त्याहून अधिक ते आपल्याच घाबरण्याने मरते. मुळांजवळचे काही जंतू ज्या द्रव्यापासून इथिलीन बनतो ते द्रव्यच खाऊन टाकतात. बर्नार्ड ग्लिक ह्या कॅनडातील शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ साली ह्या व्यवहाराची उपपत्ती मांडली. संकटाने बावरलेल्या माणसाजवळ एखादा समंजस शेजारी येऊन नुसता बसतो, आणि त्याने संकट न टळताही माणूस सावरतो, तशातलाच हा प्रकार होय.

हे सर्व काचेच्या भांड्यांतील खेळ नव्हेत, ह्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला सर्वजण ‘नीरी’ म्हणतात, विदर्भातील खाणींचे आणि वीजकेंद्रांचे ओसाड ढीग हिरवे करण्याचे काम अनेक वर्षे चालवले. नागपूरजवळच्या खापरखेडा औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या ढिगावर दहा हेक्टर, म्हणजे सुमारे पंचवीस एकर, क्षेत्रात जुवारकर आणि जांभूळकर ह्या शास्त्रज्ञांनी सेंद्रिय खत, निरनिराळी झाडे आणि त्या जागेस मानवणारे नत्र देणारे जंतू ह्यांची एकत्र योजना केली. राखेत नत्र आणि स्फुरद नावापुरतेच होते. काही वर्षांत तो ढीग झाडांनी झाकून गेला. पुढे त्या झाडांची तपासणी केली तेव्हा काशीद ह्या आपल्या रस्त्यांच्या कडेस सर्वत्र दिसणाऱ्या पिवळ्या फुलांच्या झाडाने धातू सर्वांहून अधिक साठवल्याचे आढळले. त्यांनीच दहा हेक्टरांच्या दुसऱ्या एका प्रयोगात कोळशाच्या खाणीच्या ढिगावर हेक्टरी पन्नास टन सांडपाणी केंद्रातील गाळ घातला, आणि जंतूंबरोबर मुळांशी सलगी करणाऱ्या बुरशीचीही जोड दिली. क्रोमियम, जस्त, शिसे, कॅडमियम इत्यादी धातूंची विषबाधा त्याने ३४ ते ४३ टक्क्यांनी उतरल्याचे त्यांच्या २००८ सालच्या निबंधात नमूद आहे. ऱ्हायझोबियम वगैरे जंतू मूळच्या ढिगात जवळजवळ नव्हतेच, असेही तो निबंध सांगतो. शास्त्रीय निबंधाच्या रुक्ष भाषेतील हे एक वाक्य आम्हांस पुष्कळ विलापिकांहून करुण वाटले. माती दिसत होती, तिचा डोंगर होता, पण तिच्यात राहणारे कोणी उरले नव्हते.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. तेलाची गोष्ट निराळी आणि धातूंची निराळी. तेल हे मूळचे सजीवांचेच अवशेष. त्याचे तुकडे करून पचवणारे जंतू आहेत, आणि शेवटी त्याचे वायू व पाणी होऊन जाते. आनंद मोहन चक्रवर्ती ह्या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेलाचे अनेक घटक पचवणारा जंतू सिद्ध केला, आणि अशा जंतूवर पेटंट घेता येते असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला, तेव्हा जगभर मोठा गाजावाजा झाला. शिशास मात्र कोणताच जंतू पचवू शकत नाही. शिसे हे मूलद्रव्य. त्याचे शिसेपण हिरावून घेण्याचे सामर्थ्य त्या चिमुकल्या जीवांत नाही. त्यास कोंडता येते, किंवा उपसून दुसरीकडे नेता येते, एवढेच. कोंडले तर पहारा ठेवावा लागतो. उपसले तर झाडाच्या पानांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभाच राहतो. ती जाळली तर धातू राखेत आणि धुरात उतरतो. शेळ्यांनी खाल्ली तर त्यांच्या अंगी जातो. तेथेच गळून कुजली तर आले ते परत गेले. शिवाय ही उपसणी एका-दोन हंगामांची नसते. नासलेली माती अशा रीतीने पूर्ण स्वच्छ व्हावयास पुष्कळ ठिकाणी दशकानुदशके लागतात.

आमच्या स्नेह्यांनी हे सर्व मामांस समक्ष सांगितले. नाल्याकाठच्या सव्वा एकरात पालेभाजी बंद करावी. तेथे बांबू, करंज आणि काशीद लावावे. शेणखत भरपूर घालावे. आणि त्याच मातीत जी तणे तगून आहेत, त्यांच्या मुळांजवळचे जंतू वाढवून तेच रोपांस लावावेत, अशी त्यांची सूचना होती. बाहेरून आणलेल्या जंतूंपेक्षा त्या विषाशी झगडून टिकलेले जंतू अधिक भरवशाचे, असे त्यांचे म्हणणे.

मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “मेथी महिन्याभरात पैसा देते. ही झाडं कवा देणार? अन् मी भाजी बंद केली, तर वरचा शेजारी बंद करणार हाय का? बाजारात भाजी कमी पडायची नाही, सर. माझीच तेवढी नसणार.”

ह्यावर आमचे स्नेही निरुत्तर झाले, आणि आम्हीही. अर्थशास्त्राचा एखादा मोठा ग्रंथ ज्या प्रश्नापाशी अडखळतो, तो प्रश्न मामांनी दोन वाक्यांत पुढे ठेवला होता. नुकसान एकाचे आणि लाभ कोणाचाच दिसत नाही, अशा ठिकाणी मनुष्याने नीतीने का वागावे? इतका वेळ दाराशी लसूण सोलीत बसलेल्या मामी तेव्हा बोलल्या. तो कागद आल्या दिवसापासून त्यांनी त्या रानाची पालक घरात शिजवली नव्हती, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्या म्हणाल्या, “आपल्या नातवाला जी भाजी घालीत नाही, ती दुसऱ्याच्या नातवाला कशी घालायची?”

मामा ह्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या मृगात नाल्याकाठची भाजी निघाली.

हा त्याग सोपा होता असे आम्ही म्हणणार नाही. वरच्या अंगास विहिरीवर भिजणारी एक एकर जमीन तपासणीत चांगली निघाली म्हणून निभावले. तरी घरातील रोखीचा ओघ निम्म्याहून खाली आला, आणि तूट भरून निघते ती मामेभावाच्या पगारातून, म्हणजे त्याच वसाहतीच्या पैशातून. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून काट्यांचे कुंपण घालावे लागले, आणि त्यापायी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. वरच्या शेजाऱ्याची मेथी अद्याप बाजारास जाते. तीन पावसाळे झाले. बांबूने मूळ धरले आहे, काशीद पुरुषभर वाढले आहेत. यंदाच्या पहिल्या पावसानंतर मामांनी आम्हांस मुद्दाम दूरध्वनी करून सांगितले की, नाल्याकाठच्या मातीस वास आला. इतकी वर्षे तेथे फक्त नाल्याचा वास येई. पहिल्या पावसाचा तो सुगंध मातीतील जंतूंनीच तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो, हे आमच्या स्नेह्यांकडून आम्हांस कळले होते. त्यांस ही बातमी सांगितली तेव्हा ते आनंदले, परंतु शास्त्रज्ञच ते, लगेच म्हणाले, “वास ही जिवंतपणाची खूण आहे, स्वच्छतेची नव्हे. शिसे अजून तेथेच आहे. भाजी लावू नका म्हणावे.”

ही ताकीद आम्हांस फार मोलाची वाटते. आमच्या शिकलेल्या वर्गास अलीकडे अशी एक सवय जडली आहे की, कोणत्याही अपराधावर विज्ञानाने तोड काढल्याची वार्ता वाचली म्हणजे अपराध फिटल्यासारखे वाटते. जंतू माती धुतात, असे वाचले की नाल्यात आणखी एक बादली ओतण्यास मन धजते. गंगेत स्नान करून पुन्हा पापास मोकळे होणाऱ्यांस आमच्या वडीलधाऱ्यांनी नावे ठेवली. त्यांचीच ही नवी आवृत्ती समजावी. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी गावच्या खटल्यात, ज्याने नासवले त्यानेच नुकसानभरपाई द्यावी आणि जमीन सुधारण्याचा खर्चही सोसावा, हे तत्त्व मान्य केले. तत्त्व उत्तम आहे. परंतु रात्री नाल्यात पाणी सोडणाराचे नाव जेथे कोणासच सिद्ध करता येत नाही, तेथे तो खर्च कोणीतरी मामा आणि कोणीतरी मामी सोसतात, आणि त्यांच्या बाजूने राबतात ते हे डोळ्यांस न दिसणारे जीव. त्या जंतूंनी आपले काम चोख केले, ह्यावरून आपण आपले केले असा अर्थ निघत नाही. खापरखेड्याचा ढीग झाडांनी झाकला; तरी उद्याच्या विजेची उद्याची राख आहेच.

बेवड ह्या शब्दाकडे आम्ही परत वळतो ते ह्यासाठी की, त्यात दोषारोप नाही आणि क्षमाही नाही. आहे तो केवळ हिशेब. तुमच्या आधी येथे काय पिकत होते, एवढेच तो विचारतो. आमची पिढीही एक पीकच आहे. आम्हीही ह्या शहराच्या मातीत उगवलो, तिचे सत्त्व घेतले, भरघोस आलो, आणि आता कापणीस येऊ लागलो आहोत. आमच्या जागी जे उगवतील, त्यांस आमची पुस्तके, भाषणे आणि मासिकांतील निबंध वाचावेसे वाटतील की नाही, हे सांगता येत नाही. परंतु आमचा बेवड मात्र त्यांस घ्यावाच लागेल. मुगासारखे काही मागे ठेवून जाणे आम्हां सर्वांस साधेलच असे नाही. निदान नाल्याकाठच्या त्या सव्वा एकरात जी रोपे लागली आहेत, त्यांच्याभोवतीचे कुंपण मोडू न देणे एवढे तरी करता येण्याजोगे आहे.